फाळक्यावरची चांदरी

माय गेली त्या उन्हाळ्यात, शाळा सुरू व्हायच्या आत, बाबांनी गावच्या घराला कुलूप लावलं, म्हैस विकली आणि मला कळंबोलीला घेऊन आले. मी बारा वर्षांची होते. बाबा त्याआधी तीन वर्षं तिथे एकटेच राहत होते; एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात, कुठल्या गाडीत कुठला माल चढला त्याच्या पावत्या लिहीत. सुट्टीत गावी आले की ते मला पाहुण्यासारखे वाटत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात फरसाणाचा पुडा. आता त्या पाहुण्याच्या खोलीत मला राहायचं होतं, आणि मला वाटतं त्यांनाही माझ्याबद्दल तसंच काहीसं वाटत असावं. एकमेकांशी काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आमच्यामधलं सगळं बोलणं माय करत असे.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एका भिंतीला ओटा, दुसरीला बाबांची खाट, आणि खिडकीतून खाली लोखंडाचा बाजार. दिवसभर गाड्यांमधून पत्रे आणि सळया उतरत. पत्रा जमिनीवर आपटला की एक लांबलचक थरथर उठे आणि ओट्यावरची भांडी बारीक किणकिणत. पहिले काही दिवस मी प्रत्येक आवाजाला दचकायची. मग दचकणं थांबलं, आणि रविवारी बाजार बंद असला की त्या शांततेनेच मला अस्वस्थ व्हायला लागलं. आता मी करंजाड्याला राहते, सोसायटीत लिफ्ट आहे, खाली बाग आहे, तरी शेजारच्या बांधकामावर सळयांची गाडी रिकामी व्हायला लागली की मी हातातलं काम ठेवून ऐकत उभी राहते. मुलगी माहेरी आली की म्हणते, आई, खिडकी लावून घे ना. मी लावून घेत नाही.

बाबांना दोनच गोष्टी करता येत, पिठलं आणि मसुराची आमटी. भाकरी थापायचे, पण ती इतकी जाड होई की मधे कच्ची राही. मायनं जायच्या आधी केलेल्या येसराच्या मसाल्याचा एक डबा आम्ही गावाहून आणला होता. दर रविवारी बाबा त्यातला एक चमचा काढून आमटीला लावत आणि डबा पुन्हा घट्ट बंद करून वरच्या फळीवर ठेवत. त्या वासाने खोली भरून जाई. आम्ही दोघं मान खाली घालून जेवत असू. वास कुणाचा आहे हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यावर कुणी काही बोलत नसे. श्रावणाच्या सुमाराला डबा संपला. बाबांनी तो धुतला, पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी त्यात साखर भरली.

शाळेत माझ्या बोलण्याला मुली हसत. ‘काय करायलीस’ म्हटलं की बाकावरची पोरगी ते तसंच्या तसं म्हणून दाखवी. ‘आमी नाय असं बोलत,’ असं एकीनं मला समजावूनही सांगितलं. चांगल्या मनानेच सांगितलं असेल. मी बोलणं कमी केलं. शाळा सुटली की घरी जायचं नाही, थेट ऑफिसात यायचं, असं बाबांनी बजावलं होतं, कारण घरी कुणी नव्हतं आणि शेजारी अजून ओळखीचे झाले नव्हते. त्यांच्या टेबलामागे एक बाकडं होतं. तिथे बसून मी अभ्यास करायची. पंखा फिरायचा, बाबांचं पेन कागदावर करकर करायचं. ड्रायव्हर लोक येऊन पावत्या घेऊन जायचे. सहा वाजेपर्यंत कुणी माझ्याशी बोलत नसे.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला मायची आठवण जितकी यायला हवी तितकी येत नव्हती, आणि याची मला भीती वाटायची. तिचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात ती मामीच्या खांद्याआड अर्धी झाकलेली होती. डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला गेलं की तो अर्धाच चेहरा येई. म्हैस मात्र पुरती आठवायची. चांदरी तिचं नाव, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता म्हणून. उजवा कान कुत्र्यानं फाडलेला. ती मायशिवाय कुणाला दूध काढू देत नसे, आणि माय धार काढत असताना मी तिच्या तोंडापुढे उभं राहायचं, एवढंच माझं काम. मी तिच्या डोळ्यात बघत राहायची. त्या मोठ्या काळ्या डोळ्यात मी दिसायची, माझ्यामागचा गोठ्याचा उजेड दिसायचा. दुपारी तिला तळ्यावर नेलं की ती गळ्यापर्यंत पाण्यात बसायची, आणि मग त्या डोळ्यात खालून, पाण्यातून, एक चकाकी यायची. मी काठावर बसून तेच बघायची. म्हैस विकली त्या दिवशी मी शेजारच्या घरात जाऊन बसले होते. तिला नेताना बघितलं नाही.

ऑफिसच्या समोर मोठं मोकळं यार्ड होतं आणि पलीकडे पत्र्याची एक शेड. तिथे गाड्या रंगवायला उभ्या राहत. रंगवणाऱ्याचं नाव जनार्दन, पण यार्डात सगळे जनू पेंटर म्हणत, मी पुढे काका म्हणायला लागले. खाडीकडच्या एका जुन्या गावचे, आगरी. पन्नाशीचे असतील. अंगात कायम एकच बंडी, तिचा मूळ रंग कुठला ते ओळखू येत नसे. आधी ते होड्यांवर नावं रंगवायचे, मग गाड्या आल्या तसे गाड्यांकडे आले. गाडीच्या दारावर, केबिनवर आणि मागच्या फाळक्यावर, म्हणजे माल काढताना खाली पडते त्या मागच्या फळीवर, ते चित्रं काढत. गाय-वासरू, वाघ, मोर, हंसांची जोडी, ससाणा. सगळ्या गाड्यांवर असतात तीच.

सुरुवातीला मी बाकड्यावरून लांबूनच बघायची. मग एक दिवस बाबा जेवणाचा डबा धुवायला गेले असताना मी यार्ड ओलांडून शेडच्या सावलीत जाऊन उभी राहिले. काका एका फाळक्यावर वाघ रंगवत होते. वाघ तसा काही फार जमलेला नव्हता, पाय आखूड होते आणि पट्टे एकाच मापाचे. पण त्याचे डोळे बघून मी आणखी जवळ गेले. मी त्या वाघाला ओळखत होते.

त्यांनी मागे न बघताच विचारलं, “काय बघतंस गो पोरी?”

“वाघाचे डोळे म्हशीचे आहेत,” मी म्हटलं.

ब्रश थांबला. ते वळले आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील.

“कोन बोल्ला तुना?”

“कुणी नाही. दिसतात ना.”

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, हात चिंधीला पुसले. “म्हशीचे नाय,” ते म्हणाले. “रेड्याचे. पन तुझा चुकला नाय.”

मग त्यांनी मला शेजारच्या गाडीवरची गाय दाखवली, त्या पलीकडच्या गाडीवरचा मोर दाखवला. सगळ्यांचे डोळे तेच. मोठे, काळे, जरा ओले वाटणारे. आणि प्रत्येक डोळ्यात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, बाकीचे पेंटर देतात तसा वर नाही, खाली, कडेला. मी विचारलं, हा खाली का? तेव्हा ते रंगाच्या डब्यावर बसले आणि सांगायला लागले. त्यांच्याकडे रेड्यांची जोडी होती. भाताच्या खाचरात नांगराला त्यांच्याकडे रेडेच जुंपत. गुडघाभर चिखलात बैलाचं काम नाही. लहानपणापासून ते त्या रेड्यांपुढे चालायचे, उलटे, त्यांच्याकडे तोंड करून. “आभाल भरलेला. वरना उजेड नाय. सगला उजेड पान्यातना, खालना. तो डोल्यान शिरतो. मी तेवराच बघला हाय, पोरी. मना दुसरा डोला काढताच येत नाय.” नवं शहर आलं, जमिनी गेल्या, खाचरं भरून टाकली. जमीन नाही तर रेडे कशाला, म्हणून जोडी विकली.

मी त्यांना तळ्याबद्दल सांगितलं. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली चांदरी, आणि खालून येणारी ती चकाकी. कळंबोलीत आल्यापासून मी एका दमात एवढं कुणाशी बोलले नव्हते. ते नुसती मान हलवत राहिले. बाबा दारात उभे राहून मला शोधताना दिसले तेव्हा मी पळत परत गेले.

त्यानंतर रोज शाळेतून आले की मी आधी बाकड्यावर दप्तर ठेवायची आणि मग शेडमध्ये जायची. बाबांनी एकदा काकांकडे जाऊन चौकशी केली, काय बोलले माहीत नाही, पण मला अडवलं नाही. फक्त म्हणाले, “शेडच्या पलीकडं जायचं नाही. गाड्या मागं येतात.” मी रंगाचे डबे ढवळायची, टरपिनात ब्रश धुवायची. आम्ही फार बोलत असू असंही नाही. पण ते एखादा डोळा काढायला घेत तेव्हा मला हाक मारत. “ये, बघ,” एवढंच. मी बघायची, आणि बरोबर असलं की मान हलवायची. एखाद्या वेळी ठिपका जास्त मोठा झालाय असं मी म्हटलं की ते खरंच काळा रंग घेऊन तो लहान करत. तेवढा वेळ मला घरी असल्यासारखं वाटायचं. कुणाच्या घरी, ते सांगता येत नाही.

परवा मुलीबरोबर मुंबईला एका मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन बघायला गेले होते. घोड्यांची चित्रं होती, माणसाहून मोठी. लोक लांब उभे राहून बघत होते. मी जवळ गेले, एका घोड्याच्या डोळ्यापाशी, इतकी जवळ की तिथला माणूस मला मागे व्हायला सांगू लागला. मुलीने विचारलं, काय बघत होतीस? मी म्हटलं, काही नाही, ह्याने उजेड कुठून घेतलाय ते. तिला ते फार जाणकारीचं वाटलं. चित्रातलं मला बाकी काही कळत नाही.

त्या वर्षी भाद्रपदात बबन ड्रायव्हरची गाडी रंगायला आली. बबन साताऱ्याकडचा, हसरा माणूस. फाळक्यावर काय काढू, असं काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काय बी काढा तुमच्या मनानं. गाय तेवढी नको. जो तो गाय घेऊन फिरतोय.” तो चहाला गेला आणि मी म्हटलं, “काका, म्हैस का नाही काढत तुम्ही?”

ते हसले. “गारीवर म्हस कोन घेल?”

“तुमच्या मनाचं काढा म्हणालेत ना ते.”

काकांनी कोऱ्या फाळक्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. आमच्या घरी यमाच्या गोष्टी सांगत नसत. आमच्याकडे सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि म्हैस ही म्हैसच असायची. पण त्यांना चांगलं ठाऊक होतं की रेडा कुणाचं वाहन आहे आणि रस्त्यावर पोट असलेली माणसं त्याला किती भितात. तरी त्यांनी थोड्या वेळाने निळा खडू घेतला आणि म्हणाले, “सांग मंग. कशी व्हती?”

चार दिवस मी सांगत होते. शिंगं कशी मागे जाऊन वळायची, फाटका कान कसा लोंबायचा, नाकपुड्या कशा फुगायच्या. ते काढत, पुसत, पुन्हा काढत. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे भरले, पांढरा ठिपका खाली, कडेला, आणि बाजूला झाले. चांदरी फाळक्यावर उभी होती, पोटापर्यंत हिरव्या पाण्यात, माझ्याकडे बघत. मी हात लावला आणि रंग बोटाला लागला. तो मी दुसऱ्या दिवसापर्यंत धुतला नाही. बाबांना दाखवायचं ठरवलं होतं, पण त्याच दुपारी गाडीला माल मिळाला, बबन म्हैस बघून नुसता हसला आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.

आठवड्याने गाडी परत आली. मी बाकड्यावर गणितं सोडवत होते. बाहेर आवाज चढले म्हणून बाबा उठून दारात गेले आणि त्यांच्यामागे मी. यार्डात गाडी उभी होती, बबन मान खाली घालून उभा होता, आणि शेठ, बाबांचे ट्रान्सपोर्टवाले मालक, फाळक्यापुढे. शेठ वाईट माणूस नव्हते. दिवाळीला ड्रायव्हरांच्या पोरांना कपडे द्यायचे. पण त्यांचा थोरला भाऊ घाटात गाडी उलटून गेला होता, हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं. काय झालं होतं ते बबन सांगत होता: गाडीला काहीच झालं नव्हतं, माल वेळेवर पोचला होता, पण धाब्याधाब्यावर लोक म्हणत होते, बघा रे, यम चाललाय, कुणी शेजारी गाडी उभी करू देत नव्हतं, आणि हे ऐकून ऐकून त्याला स्वतःलाच रात्री झोप लागेना.

“कोणी सांगितलं हे काढायला?” शेठनी विचारलं. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज कापत होता.

काका शेडमधून आले. हातात ब्रश तसाच होता. “कोनी नाय, शेठ. माझ्या मनान काढला.”

“तुझ्या मनाने? एवढी वर्षं गाड्या रंगवतोस. तुला कळत नाही?”

“कलता.”

“मग?”

काकांनी ब्रश बंडीला पुसला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माझ्या तोंडून एक शब्द फुटला असता तरी पुरे होता. मी सांगितलं म्हणून काढली. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आज इतकी वर्षं झाली, नोकरी झाली, संसार झाला, पोरीचं लग्न झालं, पण त्या दाराच्या चौकटीचा थंडपणा माझ्या तळहाताला अजून आठवतो.

बोलले ते बाबा. ते पायरी उतरून खाली गेले होते आणि फाळक्याकडे बघत होते. त्यांनी ते चित्र पहिल्यांदाच पाहिलं होतं. कपाळावरच्या ठिपक्याकडे, कानाकडे, डोळ्यांकडे बघता बघता त्यांचा चेहरा असा झाला की मी तो आधी फक्त एकदा पाहिला होता, उन्हाळ्यात.

“शेठ,” बाबा म्हणाले, “ती आमची म्हैस आहे. मी सांगितलं पेंटरला.”

शेठ त्यांच्याकडे वळले. काकाही वळले. बाबा उभ्या आयुष्यात कुणापुढे मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशीही मोठ्याने नाही बोलले. शेठ म्हणाले, “तुम्ही शिकलेला माणूस. तुम्ही तरी.” शेठनी काकांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता पुस, आणि ह्यापुढे माझ्या गाड्यांवर फक्त अक्षरं. बाबांना सांगितलं, उद्यापासून ऑफिसात बसू नका, गेटवर वजनकाट्यावर जा. आणि ते आपल्या गाडीत बसून निघून गेले.

काकांनी लाल रंगाचा डबा उघडला. त्यांनी आधी डोळे झाकले. मग बाकीची म्हैस.

संध्याकाळी आम्ही घरी चालत निघालो. बाबांनी पेनं आणि डबा पिशवीत घातला होता. लोखंड बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत ते पुढे, मी मागे असे चालत होतो. मी आता मार खाणार किंवा निदान बोलणी तरी खाणार, असं मनाशी धरलं होतं.

“शिंग चुकलंय,” बाबा म्हणाले.

मला कळलं नाही.

“डावं शिंग. तिचं एवढं खाली नव्हतं वळलेलं. तुझ्या मायला दरवेळी लागायचं ते, दंडाला. वण होता तिच्या इथं.” त्यांनी स्वतःच्या दंडाला हात लावून दाखवलं. “बाकी सगळं बरोबर सांगितलंस तू.”

मी रस्त्यातच रडायला लागले. बाबा थांबले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा हात धरला. मग ते बोलत राहिले. म्हैस कशी आणली, माय तिला पहिल्या वेताला रात्रभर कशी धरून बसली होती, मायला गाता येत नव्हतं तरी धार काढताना ती काहीतरी गुणगुणायचीच. घरी आल्यावर पिठलं ढवळतानाही बोलत होते. मी भाकरी थापली. माझीही जाडच झाली. जेवता जेवता ते म्हणाले, “मी तिला उगीच विकली नाही लेकरा. वैरण कोण करणार होतं?” आणि मग, “दिवाळीच्या सुट्टीत जायचं का बघायला?”

वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक माणूस जेमतेम मावे. मला बसायला जागा नव्हती. किल्ली गळ्यात बांधून मी शाळेतून थेट घरी यायला लागले आणि बाबा येईपर्यंत खिडकीत बसायला लागले. बाबा उन्हाने काळे पडले. काकांकडे मी गेले नाही. एकदा बाबांचा डबा द्यायला गेटवर गेले तेव्हा यार्डाच्या पलीकडून त्यांनी मला बघितलं आणि ब्रशसकट हात वर केला. मी बघितलंच नाही असं केलं आणि भराभर चालत परत आले. माझ्यामुळे त्यांची गाड्यांवरची जनावरं गेली होती, आणि ते माझ्यावर रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी गेले असते. शेडमध्ये आता त्यांना डोळा दाखवायला कुणी नव्हतं आणि दाखवायला डोळाही नव्हता, हे मला खिडकीत बसून रोज आठवायचं, आणि तरी मी गेले नाही. दीडेक महिना.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. घर उघडून झाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावी चालत निघालो. ज्यांनी म्हैस घेतली होती त्यांचं घर गावाच्या टोकाला होतं, मागे पत्र्याचा गोठा. घरातल्या बाईनं आम्हाला आत नेलं. चांदरी अंधारात उभी होती. तिला रेडकू झालं होतं. मी तिच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिले, नेहमीच्या जागी, आणि हात पुढे केला. तिनं हात हुंगला, जोरात श्वास सोडला आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. मी हाक मारली. तिनं फाटका कान हलवला, माशी उडवायला हलवतात तसा. मी वाकून तिच्या डोळ्यात बघितलं. गोठ्यात उजेड नव्हता. डोळा तपकिरी होता, कोपऱ्यात चिपड. त्यात मला मी दिसले नाही.

बाबा जरा लांब उभे होते. मग पुढे आले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, डाव्या शिंगाला बोटांनी धरून बघितलं. बाईनं आम्हाला चहा दिला. “तिच्याच दुधाचा हाय,” ती म्हणाली. बाबा तो चहा फार सावकाश प्यायले. मला तो नुसता चहा लागला. परत येताना बाबांनी सगळा वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

कळंबोलीला आलो त्याच दिवशी दुपारी मी यार्ड ओलांडून शेडमध्ये गेले. काका एका गाडीच्या दारावर मालकाचं नाव लिहीत होते. चारी बाजूंना गाड्या होत्या आणि सगळ्यांवर अक्षरंच अक्षरं. मी त्यांच्या मागे उभी राहिले. काय म्हणायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण ऐन वेळी ते काही आलं नाही.

“आम्ही गावी गेलो होतो,” मी म्हटलं. “चांदरीला बघायला.”

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. ब्रश अक्षरावर तसाच होता. “मंग?”

“तिनं ओळखलं नाही मला.”

त्यांनी ते अक्षर पुरं केलं. मग हळू म्हणाले, “माझी जोरी इकली ना, ती जवलच हाय. तीन कोसावर. माझी बहीन दिली हाय त्या गावाला. मी गेलोच नाय कवा. बहिनीकडं पन नाय.” त्यांनी ब्रश पुसला आणि आता माझ्याकडे वळले. “खात व्हती ना ती?”

“हो. कडबा खात होती.”

“अंगान बरी व्हती?”

“हो. रेडकू झालंय तिला.”

“मंग बरा हाय,” काका म्हणाले. “बस.” आणि पायाने एक रिकामा डबा माझ्याकडे सरकवून ते पुन्हा अक्षराकडे वळले.